एक दाणा, पण चांगला!

एक्स-रे म्हटलं की आपल्याला आठवते ती घाटी हॉस्पिटलची रांग, गळ्यात अडकवलेला हात आणि उजेडाकडे धरून पाहायची ती काळी फिल्म. याच एक्स-रेने रसायनशास्त्रज्ञ हाडांऐवजी रेणूचा सांगाडा पाहतात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. कुठला अणू कुणाला जोडलाय, कुठल्या कोनात वळलाय, दोघांमधलं अंतर नेमकं किती, सगळं आकड्यांत मिळतं. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये ब्रॅगचा नियम आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. त्या नियमाची खरी कमाई ही आहे.

आजचं चांगलं मशीन साध्या रेणूची मापं काही तासांत घेतं आणि कॉम्प्युटर त्यावरून रचना सोडवून देतो. मग संशोधन करणाऱ्या मुलामुलींचे महिनेच्या महिने जातात कुठे? जातात ते मशीनच्या आधी. मशीनला रेणूंचा एक नीट वाढलेला स्फटिक लागतो. एकच पुरतो, पण तो चांगला असावा लागतो. पावडर कितीही किलो असली तरी तिने हे काम सहसा होत नाही. आणि असा दाणा मिळवायचा कसा, याची हमखास रेसिपी कुठल्याही पुस्तकात नाही. नियम आहेत, युक्त्या आहेत आणि वाट पाहणं आहे. आजचा लेख त्या दाण्याबद्दल.

स्फटिकच का?

आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम असते. रेणूमधले अणू एकमेकांपासून एक-दोन अँगस्ट्रॉमवर असतात. म्हणजे प्रकाशाने अणू पाहणं म्हणजे जेसीबीच्या बकेटने मोहरी निवडण्यासारखं. एक्स-रेची तरंगलांबी मात्र बरोबर या मापाची आहे. तांब्याच्या टार्गेटमधून निघणाऱ्या किरणांची १.५४ आणि मॉलिब्डेनमच्या किरणांची ०.७१ अँगस्ट्रॉम. गंमत म्हणजे दोन कार्बन अणूंमधल्या साध्या बंधाची लांबीही सुमारे १.५४ अँगस्ट्रॉमच असते!

पण एका रेणूवरून परतणारा एक्स-रे इतका क्षीण असतो की साध्या मशीनला तो कळतच नाही. नाथषष्ठीला पैठणला जाऊन आलेल्यांना हे लगेच समजेल. एका वारकऱ्याचा टाळ गर्दीत ऐकू येत नाही. शंभर जणांनी आपापल्या मनाने वाजवले तर नुसता गोंगाट होतो. तेच शंभर टाळ एका ठेक्यात पडले की आवाज नदीपलीकडे पोचतो. स्फटिकात तेच होतं. सगळे रेणू एकाच पद्धतीने, एकाच अंतराने, ओळीने उभे असतात. त्यामुळे त्यांच्यावरून विखुरलेले किरण काही ठरावीक दिशांना एकमेकांना साथ देतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकांना मारून टाकतात. ज्या दिशांना साथ मिळते तिथे डिटेक्टरवर ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या जागांवरून रेणूंच्या रांगांमधलं अंतर कळतं आणि त्यांच्या तेजस्वितेवरून त्या रांगेत कोणता अणू कुठे बसलाय ते काढता येतं.

साथीला असतात किती जण? ०.२ मिलिमीटर बाजूचा एक ठोकळा घ्या. रेणूंची जी लहानात लहान खोली पुन्हा पुन्हा रचून स्फटिक बनतो, तिला युनिट सेल म्हणतात. तिचं घनफळ २००० घन अँगस्ट्रॉम धरलं तर त्या ठोकळ्यात ४० कोटी गुणिले १ कोटी इतक्या खोल्या बसतात. (होस्टेलच्या रेक्टरसाहेबांनी अ‍ॅलॉटमेंटची काळजी करू नये.) एवढ्या खोल्यांमध्ये सामान एकाच पद्धतीने लावलेलं असलं, तरच मशीनला आतलं चित्र स्पष्ट दिसतं.

म्हणून अपेक्षाही तशीच असते. दाणा साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे बारीक रव्याच्या कणाएवढा. पारदर्शक, कडा धारदार, आत भेग नाही, आणि मुख्य म्हणजे तो एकच असावा. दोन दाणे एकमेकांना चिकटून वाढले, म्हणजे जुळे निघाले, तर दोघांचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्याची रात्र जाते. हे आधी तपासायला ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप वापरतात. दाणा फिरवला की चांगला एकसंध दाणा दर ९० अंशांना सगळाच्या सगळा एकदम काळा होतो. अर्धा काळा आणि अर्धा उजळ दिसला तर समजावं, आत भाडेकरू दोन आहेत. (मिठासारखे घनाकृती रचनेचे स्फटिक याला अपवाद. ते कसेही फिरवले तरी काळेच राहतात.)

मोरचुदाची गोष्ट

या सगळ्याची सुरुवात झाली ती आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात असणाऱ्या वस्तूपासून. मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावताना चुन्यात जे निळं मोरचूद घालतात, तेच!

१९१२ सालच्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरात माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून वाल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग या दोघांनी मोरचुदाच्या एका स्फटिकावर एक्स-रेचा झोत सोडला. मागे फोटोग्राफिक प्लेट ठेवली होती. प्लेटवर मधल्या डागाभोवती ठिपके उमटले. एका प्रयोगात दोन गोष्टी सिद्ध झाल्या : एक्स-रे या लहरी आहेत आणि स्फटिकात अणू रांगेने बसलेले असतात. लाउए यांना १९१४ चं नोबेल मिळालं. लगेच इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायची रीत बसवली आणि १९१५ चं नोबेल बाप-लेकाला मिळून मिळालं. लॉरेन्स तेव्हा फक्त २५ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या एम.ई.च्या पोरांएवढा.

पण ज्या मोरचुदाने हा मार्ग दाखवला, त्याची स्वतःची रचना सुटायला १९३४ साल उजाडावं लागलं. ती बीव्हर्स आणि लिप्सन यांनी सोडवली. स्फटिक हातात होता, ठिपकेही होते, पण ठिपक्यांवरून अणूंपर्यंत जाण्याचं गणित त्या काळी फार किचकट होतं. ठिपका किती तेजस्वी आहे ते फोटोवर दिसतं, पण त्या लहरीची फेज फोटोत हरवून जाते. ही हरवलेली फेज गणिताने परत मिळवण्याच्या कामासाठी हाउप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ते गणित सॉफ्टवेअर मिनिटांत करतं. केंब्रिजच्या डेटाबेसमध्ये १९६५ पासून सेंद्रिय आणि धातू-सेंद्रिय रचना जमा होत आहेत. २०१९ साली तिथे दहा लाखावी रचना नोंदली गेली. म्हणजे आकडेमोडीचा डोंगर ओलांडून झाला. दाणा वाढवण्याचं काम मात्र आजही माणसाच्या हातात आणि धीरावरच आहे.

दाणा बनतो कसा?

ज्यांच्या घरचं कुणी साखर कारखान्यात आहे त्यांनी हा भाग वाचताना गालात हसावं, कारण पॅनमनला हे सगळं आधीच माहीत असतं.

पाण्यात साखर विरघळत विरघळत एक वेळ येते की पुढे विरघळत नाही. ते झालं संपृक्त द्रावण. हेच द्रावण हळूच थंड केलं किंवा आटवलं तर त्यात मावते त्यापेक्षा जास्त साखर काही काळ राहू शकते. त्याला अतिसंपृक्त म्हणतात. जादा साखर बाहेर पडायला उत्सुक असते, पण सुरुवात कोण करणार? चार रेणू एकत्र आले तरी ते लगेच विरघळून जातात, कारण इतक्या लहान गठ्ठ्यात आतल्यापेक्षा पृष्ठभागावरचेच रेणू जास्त, आणि त्यांना धरून ठेवणारं कुणी नसतं. गठ्ठा एका ठरावीक आकारापुढे गेला तरच तो टिकतो आणि वाढू लागतो. या टिकलेल्या गठ्ठ्याला आपण बीज म्हणू.

आता मुद्दा असा. द्रावण फार जास्त अतिसंपृक्त झालं की एकदम लाखो बीजं पडतात. माल सगळ्यांत वाटला जातो आणि कुणीच मोठा होत नाही. हाती येते पावडर. ज्वारी दाट पेरली आणि विरळणी केली नाही तर कणसं कशी येतात ते गावाकडच्या मित्रांना विचारा. उलट अतिसंपृक्तता अगदी थोडी ठेवली तर बीजं मोजकीच पडतात आणि सगळा माल त्यांनाच मिळतो. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथे नवीन बीज पडत नाही पण आधीचं बीज वाढत राहतं. स्फटिक वाढवणं म्हणजे द्रावण या पट्ट्यात आणायचं आणि जितका जास्त वेळ तिथे ठेवता येईल तितका ठेवायचं. बाकी सगळ्या युक्त्या यासाठीच आहेत.

साखर कारखान्यात पॅनमध्ये पाक निर्वातात आटवतात. पाक या पट्ट्यात आला की त्यात बारीक साखरेचं बीज सोडतात आणि मग तेच दाणे मोठे करत नेतात. आटवण्याची घाई झाली तर मध्येच नवे बारीक दाणे पडतात. कारखान्याच्या भाषेत हा 'फॉल्स ग्रेन'. मग पाणी घेऊन तो विरघळवावा लागतो आणि वेळ, वाफ दोन्ही वाया जातं. म्हणजे पन्नास टनांच्या पॅनमध्ये आणि पाच मिलीच्या बाटलीत नियम एकच आहे. फरक इतकाच की कारखान्याला कोट्यवधी सारखे दाणे हवेत आणि आपल्याला एकच.

लॅबमधल्या चार वाटा

नवीन रेणू तयार झाला, शुद्ध केला, आता हातात आहे समजा १०० मिलिग्रॅम. (शुद्ध करणं आधी, स्फटिक नंतर. अशुद्ध मालातले परके रेणू रांगेत घुसतात आणि रांग मोडतात.) तो सगळा एकाच बाटलीत घालून नशीब आजमावू नये. पाच-पाच मिलिग्रॅमचे वीस भाग करावेत आणि वेगवेगळे द्रावक, वेगवेगळ्या पद्धती लावून बघाव्यात.

पहिली वाट : सावकाश बाष्पीभवन. द्रावण लहान बाटलीत घ्यायचं, तोंडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून सुईने दोन-तीन भोकं पाडायची आणि ठेवून द्यायचं. भोकं जितकी कमी तितका वेग कमी. द्रावक पूर्ण उडून जायच्या आत स्फटिक काढायचे, नाहीतर शेवटी उरलेला गाळही त्यांच्यावर बसतो.

दुसरी वाट : सावकाश थंड करणं. गरम संपृक्त द्रावण गाळून बाटलीत भरायचं आणि ती बाटली गरम पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवायची. थर्मासमुळे दहा मिनिटांत होणारं थंड होणं एक-दोन दिवसांवर जातं.

तिसरी वाट : थरावर थर. समजा पदार्थ डायक्लोरोमिथेनमध्ये चांगला विरघळतो आणि हेक्झेनमध्ये अजिबात नाही. बारीक नळीत खाली डायक्लोरोमिथेनमधलं द्रावण आणि वर नळीच्या भिंतीवरून अलगद सोडलेलं हेक्झेन. खालचं जड, वरचं हलकं, म्हणून ते लगेच मिसळत नाहीत. जिथे ते हळूहळू मिसळतात त्या सीमेवर स्फटिक येऊ लागतात. नळी हलवली की खेळ खलास.

चौथी वाट : वाफेतून विसरण. लहान बाटलीत द्रावण, ती उघडीच मोठ्या बाटलीत ठेवायची. मोठ्या बाटलीच्या तळाशी असा उडणारा द्रावक, ज्यात आपला पदार्थ विरघळत नाही, उदाहरणार्थ ईथर. मोठीचं झाकण घट्ट लावायचं. ईथरची वाफ दिवसेंदिवस आतल्या द्रावणात शिरते आणि पदार्थाला जागा पुरेनाशी होते. अगदी थोडा माल असला तर ही पद्धत फार कामाची. प्रथिनांचे स्फटिक वाढवताना काचेवर लटकवलेल्या एका थेंबात जवळपास हेच तत्त्व वापरतात, फक्त तिथे थेंबातलं पाणी वाफेने बाहेर जातं.

इथे आपल्या मराठवाड्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. ईथर ३४.६ अंशाला उकळतं आणि डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंशाला. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो! म्हणजे एसी नसलेल्या खोलीत चौथी वाट चालायची नाही, वर आगीचा धोका वेगळाच. शिवाय उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे पहिल्या वाटेतही पाणी किंवा अल्कोहोल भराभर उडतं आणि हाती पावडर येते. हिवाळ्यात उलटी गंमत : दुपारी तीस अंश, पहाटे दहा-बारा. बाटली खिडकीत ठेवली तर दिवसा थोडं विरघळतं, रात्री थोडं जमतं. कधी याचा फायदा होतो, बारीक दाणे विरघळून मोठे दाणे वाढतात. कधी दुपारच्या उन्हात रात्रीची सगळी कमाई जाते. म्हणून बाटल्या खिडकीपासून लांब, आतल्या कपाटात ठेवाव्यात. व्हॅक्यूम पंप ज्या टेबलावर घरघरतो त्या टेबलावर तर मुळीच नको. धक्का, धूळ आणि काचेवरचा ओरखडा या तिन्हींमुळे नको तेव्हा बीज पडतं.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड : बाटलीला हात लावायचा नाही. रोज उचलून उजेडात धरून "आलं का, आलं का" बघणाऱ्याला सहसा पावडरच मिळते. लेबलवर द्रावक, प्रमाण, पद्धत आणि तारीख लिहायची आणि आठवड्याने बघायचं. लेबल नसलेल्या बाटलीत स्फटिक आला तर आनंद होतो, पण तो पुन्हा कसा आणायचा ते कळत नाही.

अमळनेरची जेल

हे सगळं फक्त मोठ्या संस्थांचं काम, असा समज असेल तर खान्देशाकडे बघा. अमळनेरच्या प्रताप कॉलेजच्या फिजिक्स विभागातून जेलमध्ये वाढवलेल्या स्फटिकांवर अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. या पद्धतीला लागतं काय? टेस्ट ट्यूब, सोडियम मेटासिलिकेट, अ‍ॅसिटिक किंवा टार्टारिक आम्ल, क्षारांची द्रावणं आणि सवड. सिलिकेटमध्ये आम्ल घातलं की काही तासांत किंवा दिवसांत त्याची जेल घट्ट बसते. जेलमध्ये टार्टारिक आम्ल असेल आणि वर कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ओतलं तर कॅल्शियम हळूहळू खाली झिरपतो आणि जेलच्या पोटात कॅल्शियम टार्टरेटचे स्फटिक दिसू लागतात.

पाण्यात हीच दोन द्रावणं ओतली असती तर क्षणात पांढरा गाळ झाला असता. जेल काय करते? पाण्याचे प्रवाह बंद पाडते, दोन्ही घटकांना सावकाश भेटू देते आणि वाढणाऱ्या स्फटिकाला चारी बाजूंनी उशीसारखं धरून ठेवते, म्हणून तो तळाशी आपटत नाही. जे क्षार पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, त्यांच्यासाठी ही वाट सोयीची. महागडं यंत्र नसलेल्या कॉलेजातही स्फटिकवाढीचं खरं संशोधन होऊ शकतं, हे अमळनेरने दाखवलं आहे.

आपल्या पायाखालचे स्फटिक

आणि याहून जुनी लॅब हवी असेल तर ती शेंद्र्याच्या मातीखालीच आहे. वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर खनिजं विरघळलेलं गरम पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि आत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट असे स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत सापडणारा गडद निळा कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवला जातो. सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं खास संग्रहालयच आहे.

बेसाल्टात विहीर खोदताना किंवा पाया काढताना दगड फुटतो आणि आत पांढरी चमचमती पोकळी निघते, तेव्हा आपण "गारगोटी निघाली" म्हणून फेकून देतो. पुढच्या वेळी जरा थांबून बघा. बंद जागा, संथ पुरवठा, धक्का नाही आणि भरपूर वेळ. लॅबमध्ये आपण जे जमवायची धडपड करतो, ते सगळं त्या पोकळीत आपोआप जमून आलेलं असतं.

पुण्याला नेताना

स्फटिक आला, मायक्रोस्कोपखाली छान दिसला, म्हणजे जिंकलो असं नाही. एकल स्फटिकाची रचना काढणारी यंत्रं मोजक्या ठिकाणी आहेत, उदाहरणार्थ पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी. म्हणजे संभाजीनगरच्या माणसाला नमुना घेऊन निघावं लागतं, आणि इथे अनेकांचा घात होतो. स्फटिक गाळून, वाळवून, कोरड्या बाटलीत नेला की कधी कधी पोचेपर्यंत त्याची पांढरी भुकटी झालेली असते! कारण पुष्कळ स्फटिकांच्या रांगांमध्ये द्रावकाचे रेणूही बसलेले असतात. ते उडून गेले की विटा राहतात पण सिमेंट जातं, आणि भिंत ढासळते.

हा धडा १९३४ सालीच मिळाला होता. जॉन फिलपॉट हे संशोधक स्वीडनमध्ये उप्साला इथे पेप्सिन या प्रथिनावर काम करत होते. त्यांनी द्रावण फ्रिजमध्ये ठेवलं आणि स्कीइंगच्या सुटीवर गेले. परत आले तर आत मोठमोठे सुंदर स्फटिक! (हात न लावण्याचा नियम आठवा.) ते स्फटिक त्यांच्याच द्रावणासह नळीत भरून केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे पोचले. बर्नाल यांनी आधी एक स्फटिक बाहेर काढून कोरडा तपासला, तर नीट ठिपके मिळेनात. मग द्रावणासकट काचेच्या केशनळीत बंद करून तपासला आणि प्रथिनाचे ठिपके जगात पहिल्यांदा दिसले. त्या कामात त्यांच्यासोबत होत्या डोरोथी क्रोफूट, म्हणजेच पुढच्या डोरोथी हॉजकिन. त्यांनी पुढे पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना सोडवली आणि १९६४ चं नोबेल मिळवलं. १९३५ मध्ये त्यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचा पहिला फोटो घेतला होता. त्याची रचना सुटली १९६९ मध्ये. चौतीस वर्षं!

म्हणून नियम असा : स्फटिक नेहमी त्याच्याच द्रावणात बुडवून न्यायचे, बाटली घट्ट बंद, आणि गाडीत ती उभी राहील अशी. यंत्रावर लावणारा माणूस दाणा बाहेर काढून लगेच तेलाच्या थेंबात घेतो, बारीक फासात पकडतो आणि १०० केल्विनच्या, म्हणजे उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात धरतो. तेल गोठतं, दाणा जागेवर बसतो, द्रावक उडू शकत नाही आणि थंडीने अणूंची थरथरही कमी होते.

याच्याशी आपला काय संबंध?

मेकॅनिकलवाले विचारतील, "सर, आम्हाला काय त्याचं?" उत्तर जालना रोडवरच आहे. शेंद्र्याच्या पंचतारांकित एमआयडीसीत गाड्या बनतात, तशी औषधंही बनतात. गोळीतलं औषध बहुतेक वेळा स्फटिकच असतं. आणि तोच रेणू वेगवेगळ्या रांगांनी रचला तर औषधाचे गुण बदलू शकतात.

एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधाचं उदाहरण जगभर शिकवतात. ते १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये कारखान्यात कॅप्सूलच्या तपासणीत गडबड दिसू लागली. कारण शोधलं तर रेणू तोच, शुद्धता तीच, पण रचना नवीन! हा दुसरा स्फटिक जास्त स्थिर होता, म्हणून खूपच कमी विरघळणारा. एकदा त्याचं बीज कारखान्यात आलं की जुना प्रकार बनवणंच अवघड होऊन बसलं. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि औषध नव्या स्वरूपात बसवावं लागलं. मधल्या काळात त्या कॅप्सूलवर अवलंबून असलेल्या रुग्णांना त्याच औषधाच्या कडू द्रवावर दिवस काढावे लागले.

म्हणून क्रिस्टलायझरचा कूलिंग रेट कोणी लिहिला, स्टररचा वेग किती ठेवला, बीज कधी सोडलं, हे आकडे औषधाच्या कारखान्यात फार जपतात. केमिकलवाल्यांना हे लागतंच. पण क्रिस्टलायझरचं जॅकेट डिझाइन करणारा मेकॅनिकलचा आणि तापमानाचा कंट्रोल लूप लावणारा इन्स्ट्रुमेंटेशनचा असतो, हे विसरू नका. आणि बॅच रिअ‍ॅक्टरमध्ये जे शेकडो लिटरवर होतं त्याची रचना एका रव्याच्या कणावरूनच ठरलेली असते.

कुणी म्हणेल, आता कॉम्प्युटर रचना ओळखतो, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही प्रथिनांच्या संगणकी कामाला मिळालं, मग स्फटिक कशाला? तर त्या प्रोग्रामना शिकवायला ज्या रचना वापरल्या, त्यांतल्या बहुतेक स्फटिक वाढवूनच मिळालेल्या होत्या. इलेक्ट्रॉन झोताच्या नव्या पद्धतीला मायक्रॉनहून लहान दाणाही चालतो, पण दाणा लागतोच.

करून बघा

आता होस्टेलवर करण्यासारखं. सलूनमध्ये मिळते ती तुरटी घ्या. १०० मिली पाण्यात २० अंशाला ती सुमारे १४ ग्रॅम विरघळते आणि ५० अंशाला जवळजवळ ३७ ग्रॅम. या फरकावरच खेळ आहे. गरम पाण्यात विरघळेल तेवढी घाला, रुमालातून गाळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी बारीक दाणे असतील. त्यातला एक आठ बाजूंचा, स्वच्छ, एकटा वाढलेला दाणा निवडा आणि तंगुसाला बांधा. उरलेलं द्रावण पुन्हा गाळून पूर्ण थंड होऊ द्या आणि त्यात तो दाणा लटकवा. वर कागद झाका. द्रावण गरम असताना दाणा सोडला तर तो विरघळून जाईल. तळाशी नवे दाणे पडू लागले तर गाळून घ्या, नाहीतर ते तुमच्या दाण्याचा माल पळवतील. दोन-तीन आठवड्यांत बोराएवढा अष्टफलक मिळायला हरकत नाही.

मोरचुदाचाही निळा स्फटिक असाच वाढतो, पण ते विषारी आहे. त्यासाठी मेसची पातेली, वाट्या, चमचे वापरू नका. केमिस्ट्री लॅबमध्ये, लॅब असिस्टंट काकांना सांगून, हातमोजे घालून करा.

आणि हो, हा उद्योग मे महिन्यात नको. दिवाळीची सुटी संपवून आलात की सुरू करा, बाटलीवर तारीख घाला, पंख्याखालची जागा टाळा आणि रूम पार्टनरला सांगून ठेवा की ते ग्लासातलं पाणी पिण्याचं नाही. सबमिशन होईपर्यंत तुमच्या टेबलावर एक चांगला दाणा असेल.